रेघेपर्यंत

सहामाही परीक्षा आटोपली की घराघरांतून भाजणीचा वास सुटतो आणि शाळामास्तराच्या घरातून शाईचा. बायको स्वयंपाकघरात सोऱ्या फिरवीत चकल्या पाडीत असते आणि मी बाहेरच्या खोलीत शेरे पाडीत असतो. वर्गात मुले चौपन्न, म्हणजे प्रगतिपुस्तकेही चौपन्न आणि प्रत्येकाच्या शेवटच्या रकान्यात एक ओळ. पहिली दहा-बारा पुस्तके मी मन लावून लिहितो. त्या त्या मुलाचे तोंड डोळ्यांसमोर आणतो आणि 'गणितात घाई करतो', 'वाचन चांगले, अक्षर सुधारावे' असे काही ना काही त्याच्या बेताचे शोधून काढतो. पुढे मनगट दुखू लागते, तोंडे पुसट होऊ लागतात आणि मग कुठल्याही मुलाला चालेल असे एक वाक्य लेखणीतून आपोआप गळू लागते. माझ्या लेखणीचे ते वाक्य कित्येक वर्षे एकच होते : नॉट अप टु द मार्क.

मराठी शाळेतल्या मराठी मुलाला इंग्रजी शेरा कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला एक कारण आहे. नकार द्यायचा झाला की आपण मराठी माणसे पटकन इंग्रजीच्या आडोशाला जातो. माया मराठीत करतो, भांडण तर मराठीतच रंगते. पण स्थळ नाकारायचे असेल, उसने पैसे द्यायचे नसतील किंवा एखाद्याचे काम पसंत पडले नसेल, तर 'सॉरी' म्हणून मोकळे होतो. परक्या भाषेत बोललेले आपलेच शब्द आपल्याला थोडे कमी बोचतात. 'अप टु द मार्क नाही' हे असेच एक सोयीचे वाक्य. भाषण तसे नसते, सिमेंट तसे नसते, नवा जावई तसा नसतो. दिवाळीत तर शेजारून आलेल्या फराळाच्या ताटावरचा रुमाल बाजूला होतो न होतो तोच कुणीतरी म्हणते, 'यंदा त्यांच्या करंज्या काही अप टु द मार्क नाहीत!' करंज्यांचे काय बिघडले ते विचारू नये. वाक्यातच निकाल आला.

गेल्या वर्षी या वाक्याने मला चांगलेच अडवले. शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी एक गृहस्थ घरी आले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. मोटारीच्या गॅरेजात काम करतात. हात स्वच्छ धुतलेले, पण नखांच्या कडेला ग्रीसची काळी कोर तशीच. मुलाचे प्रगतिपुस्तक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते.

"सर, एक विचारायचं होतं. हे इंग्रजीत लिहिलंय, त्यात मार्क म्हटलंय. किती मार्क कमी पडले म्हणायचे?"

मला हसू आले आणि ते मी गिळले. "मार्कांचं नाही ते. अपेक्षेप्रमाणे नाही, असा त्याचा अर्थ."

"कुणाच्या अपेक्षेप्रमाणे?"

प्रश्नात तिरकसपणा नव्हता. त्यांना खरेच ठाऊक करून घ्यायचे होते. मी काहीतरी बोललो. शाळेच्या, वर्गाच्या, एकंदर त्याच्या वयाच्या मुलाकडून असतात तशा, असे काहीसे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "रागावू नका सर, पण आमच्याकडं गाडी येते ना, तेव्हा गिऱ्हाईक सांगतं, ब्रेक लागत नाही, नाहीतर क्लच घसरतो. 'गाडी बरोबर नाही' एवढंच सांगून गेलं तर आम्ही काय दुरुस्त करायचं? तुम्ही काय ते सांगा, मी रात्री त्याच्याजवळ बसेन. दोन महिने त्याची आई दवाखान्यात होती, म्हणून बसता आलं नाही. सकाळच्या भाकरी तोच करत होता."

आई आजारी आहे हे मला माहीत होते. ऑगस्टमध्ये तो रोज उशिरा येई, तेव्हा एकदा विचारलेही होते. पण चाळिसाव्या पुस्तकाशी येईपर्यंत मी ते विसरलो होतो. आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुलाचे गणितात नेमके कुठे अडते, हे उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्याशिवाय मला सांगता येईना. "उद्या सांगतो," असे म्हणून मी त्यांना चहा दिला. ते गेले आणि ते वाक्य मात्र घरातच राहिले.

मी पदवीधर नाही. इंग्रजी मला शिकवण्यापुरते येते. म्हणून त्या सुट्टीत मी या वाक्याचे घराणे धुंडाळायला बसलो. 'मार्क' म्हणजे खूण. ही खूण कुणी केली आणि कुठे, हे शोधता शोधता तिची एक सख्खी बहीण सापडली : 'अप टु स्क्रॅच'. दोघींचा आजचा अर्थ एकच, लायक असणे, पुरे पडणे. पण दुसरीचा जन्म कुठे झाला याचा चांगला माग लागतो. स्क्रॅच म्हणजे ओरखडा, जमिनीवर ओढलेली रेघ. आणि ही रेघ होती इंग्लंडातल्या मुष्टियुद्धाच्या आखाड्यात.

त्या काळी मुष्टियुद्ध उघड्या मुठींनी होई. १७४३ साली जॅक ब्रॉटन नावाच्या मल्लाने लंडनमधल्या आपल्या आखाड्यासाठी काही नियम केले. त्यांत असे होते की व्यासपीठाच्या मध्यभागी खडूने एक यार्डाचा चौकोन काढावा. एखादा लढवय्या पडला की त्याच्या साथीदाराने त्याला पुन्हा त्या चौकोनाच्या कडेला आणून उभे करावे. आणि अर्ध्या मिनिटात हे झाले नाही तर तो हरला असे समजावे. पुढे चौकोनाच्या जागी रेघ आली. या नियमांना पैसा लावणाऱ्या सभ्य गृहस्थांनी मान्यता दिली होतीच, पण आखाड्यात उतरणाऱ्या मल्लांनीही ते कबूल केले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रेघ ज्याच्यासाठी होती, त्याला ती आधी दाखवलेली होती.

आपल्या कुस्तीशी हे ताडून पाहावे. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. एकदा चीत म्हणजे चीत. तिथे मात्र पडण्याने फक्त एक फेरी संपे. पडणे हा हरण्याचा पुरावाच नव्हता. पडलेला माणूस पुन्हा रेघेपाशी येतो की नाही, एवढाच प्रश्न होता. तो ठोसे चांगले मारतो का, त्याचा पवित्रा देखणा आहे का, प्रेक्षकांच्या पैशाचा मोबदला मिळतो आहे का, यांपैकी काहीही ती रेघ विचारीत नसे.

या खेळाचे गोडवे मला गायचे नाहीत. तो क्रूर होता, त्यात माणसे मेली, आणि त्याच्या भोवती जुगार चाले. १८३८ साली असाच एक लढवय्या दगावला आणि मग नवे नियम झाले. त्यांतला एक बदल मला या सगळ्या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. पूर्वी साथीदार आपल्या माणसाला धरून, ओढून रेघेपर्यंत आणू शकत. अर्धवट शुद्धीतल्या माणसालाही असे उभे केले जाई आणि तो पुन्हा मार खाई. नव्या नियमांनी हे थांबवले. पडलेल्या माणसाला तीस सेकंदांची विश्रांती. त्या अवधीत त्याचा साथीदार गुडघा टेकून बसे आणि त्या गुडघ्यावर त्याला बसवी. दुसरा पाणी पाजी, तोंडावर ओला स्पंज फिरवी. तीस सेकंद संपले की पुकारा होई, आणि मग आठ सेकंदांत त्याने उठून, कुणाचाही हात न धरता, स्वतःच्या पायांनी रेघेपर्यंत चालत यायचे. येता आले तर पुढची फेरी. नाहीतर लढत संपली.

१८६० सालच्या १७ एप्रिलला फार्नबरो येथे टॉम सेयर्स हा इंग्रज आणि जॉन हीनन हा अमेरिकन यांची लढत झाली. सेयर्स मूळचा गवंडी. हीनन त्याच्यापेक्षा सुमारे अर्धा फूट उंच आणि चाळीस पौंडांहून अधिक जड. सुरुवातीच्या फेऱ्यांतच सेयर्सचा उजवा हात निकामी झाला. त्यानंतरही तो दोन तासांहून अधिक वेळ लढला. कितीदा पडला, आणि दर वेळी डाव्या हाताच्या बळावर रेघेपाशी परत आला. शेवटी पोलीस आले, गर्दीने दोर तोडले आणि लढत अनिर्णित राहिली. पट्टे दोघांनाही मिळाले, आणि सेयर्सने पुन्हा कधी लढू नये या अटीवर लोकांनी वर्गणी काढून त्याला तीन हजार पौंडांचा निधी जमवला. आपल्या आजच्या अर्थाने पाहिले तर एका हाताने लढणारा, पुनःपुन्हा पडणारा आणि शेवटी न जिंकलेला हा माणूस 'अप टु द मार्क' म्हणता येणार नाही. त्या वाक्याच्या मूळ अर्थाने पाहिले तर त्याच्याइतका पुरा पडलेला माणूस विरळा.

१८६७ साली क्वीन्सबरीचे नियम आले, हातांत मोजे आले, पडलेल्याने दहा सेकंदांत उठायचे असे ठरले आणि आखाड्यातली रेघ पुसली गेली. भाषेतली मात्र राहिली. पण तिथे ती जागेवर थांबली नाही, वर वर सरकत गेली. जी रेघ पडलेल्या माणसाने परत येण्याची होती, ती कधीच न पडण्याची झाली. आणि आणखी एक झाले. ती कुणी ओढली हे दिसेनासे झाले. 'नॉट अप टु द मार्क' या शेऱ्यात अपेक्षा करणारा माणूसच नाही. जणू ती खूण आभाळातून उतरली आहे आणि आपण फक्त ती वाचून दाखवीत आहोत. गॅरेजातल्या त्या गृहस्थांनी नेमके तिथेच बोट ठेवले होते : कुणाच्या?

आपल्या भाषेत या कामाला दुसरा शब्द आहे. आपण म्हणतो, कसाला उतरला, कसोटीला लागला. कसोटी म्हणजे सराफाचा काळा दगड. निकष हे त्याचेच संस्कृत नाव. सराफ दागिना त्या दगडावर घासतो, त्याची एक रेघ उमटते. शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो, तेजाब लावतो आणि दोन्ही ताडून पाहतो. मौज पाहा, इथेही रेघच आहे. पण ही रेघ सोन्याने स्वतः ओढलेली असते. दगड तिला तू कमी पडलीस म्हणत नाही. तुझ्यात काय आहे ते दाखवतो. अठरा कॅरटच्या सोन्यात १०० भागांत ७५ भाग सोने असते. सराफ ते फेकून देत नाही, पंचाहत्तर भागांचा भाव करतो. उरलेले पंचवीस भाग कशाचे, हेही त्याला सांगता येते.

मास्तराचा शेरा यांपैकी कुठला असावा? माझ्यापुरते उत्तर मला लवकर सापडले, कारण त्या दगडाखाली आणि त्या रेघेखाली मीही आलेलो आहे. माझी दुसरी कादंबरी एका प्रकाशकाने साभार परत केली तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत होते, 'आमच्या अपेक्षेस उतरली नाही.' मी चार महिने ती चिठ्ठी चघळत बसलो आणि कादंबरीची एक ओळही सुधारू शकलो नाही. दुसऱ्या एकाने तीच वही परत करताना लिहिले, 'शंभर पानांनंतर नायिका बोलतच नाही. ती रागावली आहे की लेखक तिला विसरला?' वाचून कानशिले तापली. पण त्या रात्री मी शंभरावे पान उघडून बसलो. पहिल्या माणसाने मला न्याय दिला होता, दुसऱ्याने काम दिले.

इथे कुणी म्हणेल, मग अपेक्षाच कशाला ठेवायच्या? मुलांवर ओझे घालू नये, जो जसा आहे तसा गोड मानून घ्यावा. ऐकायला हे फार सात्त्विक वाटते. पण मला ते पटत नाही, आणि त्याचेही कारण घरचेच आहे. मी पुढे शिकावे अशी माझ्या वडिलांची फार इच्छा होती. ते जमले नाही. एक वर्ष ते रागावले, दुसऱ्या वर्षी समजावीत राहिले, आणि तिसऱ्या वर्षी एका रात्री जेवताना म्हणाले, "असू दे. तुझ्याकडून आता काही अपेक्षा नाही." सुटका झाली असे वाटायला हवे होते. पण रागावण्याच्या सबंध वर्षात जे लागले नव्हते ते त्या एका वाक्याने लागले. कुणी आपली वाट पाहत नाही हे कळणे, वाट पाहणाऱ्याला निराश करण्याहून अवघड असते. पुढे कितीतरी वर्षांनी माझे पहिले पुस्तक त्यांनी चष्मा पुसून वाचले आणि म्हणाले, "शेवट घाईत उरकलास." त्या टीकेने मला जो आनंद झाला तो नंतरच्या कुठल्याही कौतुकाने झाला नाही. त्यांनी पुन्हा वाट पाहायला सुरुवात केली होती.

तेव्हा अपेक्षा ठेवणे हा गुन्हा नव्हे. कुणाकडून काहीच न मागणे म्हणजे त्याला मोडीत काढणे. प्रश्न एवढाच की, अपेक्षा ठेवताना आपण आखाड्याच्या कुठल्या बाजूला उभे असतो. तिथे अपेक्षा ठेवणारे दोन प्रकारचे लोक होते. एक दोराबाहेरचे, पैसे लावून बसलेले. पडलेल्याने उठावे असे त्यांनाही वाटे, फार वाटे. कारण तो न उठला तर त्यांचे पैसे बुडत. दुसरा दोराच्या आतला, गुडघा टेकून बसलेला. त्यालाही वाटे की आपल्या माणसाने रेघेपर्यंत जावे. पण ते तीस सेकंद तो भार स्वतःच्या मांडीवर घेई, शेवटच्या आठ सेकंदांत हात काढून घेई, आणि आता आपला माणूस उभा राहू शकत नाही असे दिसले तर स्पंज वर फेकून लढत थांबवण्याचा अधिकारही त्याचाच होता.

आईबापांनी आणि मास्तरांनी हा दुसरा माणूस व्हावे असे मला वाटते. पण सांगायला सोपे आणि करायला कठीण असे हे काम आहे, कारण पहिला माणूस आपल्या आतच बसलेला असतो. मुलाच्या फीचे आकडे आपण त्याला ऐकवतो तेव्हा तो बोलत असतो. 'शेजाऱ्यांना आता काय तोंड दाखवू' असे म्हणतो तेव्हाही तोच. वर्गाचा निकाल खाली आला की मुख्याध्यापक आपल्याला काय म्हणतील, या धास्तीने मी शेरा लिहितो, तेव्हा माझ्या लेखणीला धरून तोच बसलेला असतो. आणि १७४३ च्या साथीदारासारखे मुलाला काखेत धरून, या क्लासातून त्या क्लासात ओढत रेघेपर्यंत नेणारे पालकही मी पाहतो. प्रेमाने नेत असतात. पण ओढून नेलेल्या माणसाला रेघेवर गेल्यावरही मारच बसतो, हे कळायला इंग्रजांना एक मृत्यू पाहावा लागला.

त्या मुलाची उत्तरपत्रिका मी दुसऱ्या दिवशी काढून पाहिली. अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळे बरोबर. भागाकाराची चारही उदाहरणे चुकलेली, आणि चारही एकाच ठिकाणी. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, हे त्याने ऐकलेलेच नव्हते. हजेरीपत्रक काढले. भागाकार मी ऑगस्टच्या ज्या आठवड्यात शिकवला, त्या आठवड्यात तो रोज दुसऱ्या तासाला आला होता. दोन महिने भाकऱ्या थापून, उशिरा का होईना, हा मुलगा रोज शाळेत येत होता. परीक्षेला बसला होता. जे कानांवर पडले ते सगळे त्याने बरोबर सोडवले होते. रेघेपर्यंत तो स्वतःच्या पायांनी आलेला होता. गुडघा टेकायला मी तिथे नव्हतो.

मी गॅरेजात जाऊन त्याच्या वडिलांना हे सांगितले. तसेच सांगितले, माझ्या बाजूने काही न लपवता. ते म्हणाले, "मग एवढंच होतं होय!" आणि पान्हा खाली ठेवून त्यांनी मला चहा पाजला. उलटा अपूर्णांक शिकायला त्या मुलाला पुढे अर्धा तास लागला.

यंदाही पुढ्यात चौपन्न पुस्तके आहेत. दर पुस्तकापाशी मी आता दोन प्रश्नांना अडतो : कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, आणि काय दुरुस्त करायचे? त्यामुळे काम फार हळू चालते. एका पुस्तकावर लिहिले आहे, 'जोडाक्षरे वाचताना अडखळतो. बुधवारी शाळा सुटल्यावर थांबावे.' म्हणजे बुधवारी मलाही थांबावे लागणार. रात्रीचे साडेअकरा झाले आहेत, तेवीस पुस्तके उरली आहेत, आणि काही तोंडे पुसट होऊ लागली आहेत हे कबूल केले पाहिजे.

इतक्यात बायकोने बशीत एक चकली आणून ठेवली. "बघा बरं, कशी झाल्येय?"

मी तोडली. जरा जोर लावावा लागला. जुने वाक्य ओठांपर्यंत आले होते, पण ते मागे घेऊन मी आणखी एक तुकडा चावला आणि म्हणालो, "चव छान आहे. कडक झाल्येय. मोहन कमी पडलं असेल."

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली, "निम्मी भाजणी अजून भिजवायची आहे, तिच्यात जास्त घालते."

आणि ती आत गेली. मी पुढचे पुस्तक उघडले.